वेब डेव्हलपरांसाठी उपयुक्त स्निपेट आणि कामाच्या पद्धती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबसाइट आणि वेब ॲप घडवताना रोजच्या कामात पुन्हा पुन्हा पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तरात उपाय सांगितला आहेच, परंतु तो कशामुळे चालतो आणि कोठे चालत नाही यावर अधिक भर दिला आहे, कारण नीट न समजता चिकटवलेला कोड पहिल्याच बदलात मोडतो आणि तो दुरुस्त करणाऱ्याच्या हाती कोणताही धागा उरत नाही. आज्ञा, फंक्शन आणि गुणधर्म यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; एडिटरमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगने लिहावीत.

कोणता कोड स्निपेट म्हणून, म्हणजे पुन्हा वापरायचा छोटा तुकडा म्हणून, जपून ठेवण्याजोगा असतो?

ज्याची गरज वारंवार पडते, जो दर वेळी थोडासाच बदलतो आणि जो आठवणीतून लिहिताना हमखास एखादी बारीक चूक होते, असा कोड जपावा. यांतील तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. साधा फॉर लूप जपण्यात काही अर्थ नाही, कारण तो हाताने लिहिण्यास लागणारा वेळ शोधण्यास लागणाऱ्या वेळापेक्षा कमी असतो. याउलट, आधीचा टायमर रद्द करण्याची ओळ विसरली की निरुपयोगी ठरणारा डिबाउन्स (वापरकर्ता थांबेपर्यंत काम पुढे ढकलणारा कोड), किंवा एक गुणधर्म राहून गेला की लांब शब्द येताच फुटणारी ग्रिडची मांडणी, असे तुकडे जपल्याने खरोखर वेळ वाचतो.

तुकडा मोठा होऊ लागला की तो स्निपेट राहत नाही. एकाच प्रकल्पात तोच कोड तिसऱ्यांदा चिकटवण्याची वेळ आली, तर त्याचे फंक्शन करून सामायिक फोल्डरमध्ये ठेवावे आणि त्याला चाचणी जोडावी. अन्यथा एका ठिकाणी दुरुस्त केलेली चूक इतर दोन ठिकाणी तशीच राहते.

हा साठा कोठे आणि कसा ठेवावा?

जेथे टंकन चालते तेथेच, म्हणजे एडिटरमध्ये, तो हाताशी असावा. व्हीएस कोडमध्ये प्रत्येक भाषेसाठी जेसन (नाव-मूल्य जोड्यांच्या मजकूर) स्वरूपातील स्निपेट फाइल ठेवता येते. त्यात ‘प्रीफिक्स’ म्हणजे टंकायचा छोटा शब्द, ‘बॉडी’ म्हणजे प्रत्यक्ष कोड आणि ‘डिस्क्रिप्शन’ म्हणजे वर्णन असते. बॉडीमध्ये डॉलर चिन्हापुढे १, २ असे अंक लिहिले की टॅब दाबल्यावर कर्सर त्या क्रमाने त्या जागांवर जातो आणि शेवटी डॉलर शून्याच्या जागी थांबतो. बदलायच्या जागा अशा आधीच आखून ठेवल्या की जुन्या प्रकल्पातील एखादे नाव चुकून तसेच राहण्याचा धोका टळतो.

या फाइली गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाच्या एका छोट्या रिपॉझिटरीत (संग्रहात) ठेवणे उत्तम, कारण संगणक बदलला तरी साठा सोबत राहतो आणि कोणता तुकडा का बदलला याचा इतिहासही मिळतो. प्रत्येक तुकड्याच्या वर दोन-तीन ओळींची टिप्पणी असावी: हा का लिहिला, काय गृहीत धरले आहे आणि तो कोठे चालणार नाही. अनेक जण हीच टिप्पणी टाळतात, पण सहा महिन्यांनी कोडपेक्षा तीच अधिक उपयोगी पडते.

शोधपेटीत प्रत्येक अक्षर टंकताना सर्व्हरकडे विनंती जाते. ती कशी थांबवावी?

यासाठी डिबाउन्स वापरावा. इनपुटची घटना घडली की आधी चालू असलेला टायमर ‘क्लिअर टाइमआउट’ने रद्द करायचा आणि ‘सेट टाइमआउट’ने सुमारे ३०० मिलिसेकंदांचा नवा टायमर लावायचा, वापरकर्ता तेवढा वेळ थांबला तरच विनंती जाते. टायमरचा क्रमांक ठेवणारे व्हेरिएबल आतील फंक्शनच्या बाहेर, पण डिबाउन्सच्या आवरणाच्या आत असले पाहिजे. ते आतील फंक्शनमध्ये घेतले तर प्रत्येक वेळी नवे व्हेरिएबल तयार होते, जुना टायमर रद्द होत नाही आणि सर्व विनंत्या केवळ ३०० मिलिसेकंद उशिराने जातात. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत हीच चूक वेगळ्या रूपात दिसते: घटकाच्या प्रत्येक रेंडरमध्ये, म्हणजे तो पुन्हा आखला जाताना, डिबाउन्स नव्याने तयार केला जातो आणि तो कधीच परिणाम करत नाही.

मात्र डिबाउन्सने अर्धाच प्रश्न सुटतो. पहिली विनंती संथ आणि दुसरी जलद असेल, तर जुने उत्तर नव्या उत्तरानंतर पोहोचते आणि पडद्यावर चुकीचे निकाल दिसतात. ही चूक विकासाच्या काळात जवळजवळ कधीच दिसत नाही, कारण तेथे सर्व्हर शेजारीच असतो; ती प्रत्यक्ष वापरात, अस्थिर जोडणीवर उघडी पडते. म्हणून प्रत्येक नव्या विनंतीपूर्वी आधीच्या ‘अबॉर्ट कंट्रोलर’वर (विनंती रद्द करणाऱ्या ऑब्जेक्टवर) ‘अबॉर्ट’ बोलवावे, नवा कंट्रोलर तयार करून त्याचा ‘सिग्नल’ फेचला (विनंती पाठवणाऱ्या फंक्शनला) द्यावा आणि रद्द केल्यामुळे येणारी ‘अबॉर्ट एरर’ ही चूक वापरकर्त्याला न दाखवता शांतपणे गिळावी. डिबाउन्स आणि अबॉर्ट हे दोन्ही एकाच स्निपेटमध्ये ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण एकाची गरज असते तेथे दुसऱ्याचीही असतेच.

स्क्रोलसारख्या सतत घडणाऱ्या घटनांसाठी मात्र थ्रॉटल योग्य ठरतो, कारण तेथे हालचाल थांबण्याची वाट पाहायची नसते, तर ठरावीक अंतराने काम करायचे असते.

सर्व्हरने ४०४ (सापडले नाही) किंवा ५०० (सर्व्हरमधील बिघाड) दिले तरी फेचच्या चूक पकडणाऱ्या ‘कॅच’मध्ये काहीच का येत नाही?

कारण फेचच्या दृष्टीने उत्तर मिळाले म्हणजे काम झाले. जोडणी तुटली, विनंती रद्द झाली किंवा ब्राउझरने ती अडवली, तरच त्याचे प्रॉमिस (नंतर येणाऱ्या उत्तराचे प्रतिनिधी ऑब्जेक्ट) नाकारले जाते. उत्तराचा दर्जा तपासण्याची जबाबदारी आपली असते. त्यामुळे उत्तर येताच प्रथम ‘रिस्पॉन्स डॉट ओके’ पाहावे, जे २०० ते २९९ या संकेतांसाठीच सत्य असते, आणि ते असत्य असल्यास संकेताचा उल्लेख असलेली चूक स्वतः फेकावी. त्यानंतरच जेसन वाचावे. ही तपासणी नसेल तर सर्व्हरने पाठवलेले एचटीएमएलचे चूक-पान जेसन म्हणून वाचण्याचा प्रयत्न होतो आणि कन्सोलवर ‘अनपेक्षित चिन्ह’ अशी दिशाभूल करणारी सूचना येते.

फेचला स्वतःची कालमर्यादा सांगण्याचा वेगळा पर्याय नाही. ‘अबॉर्ट सिग्नल डॉट टाइमआउट’ला मिलिसेकंद देऊन मिळालेला सिग्नल फेचला दिला की ती सोय होते. अशा वेळी येणारी चूक ‘टाइमआउट एरर’ या नावाची असते, त्यामुळे ती वापरकर्त्याने रद्द केलेल्या विनंतीपासून वेगळी ओळखता येते.

मूल्य नसल्यास वापरायचे मूळ मूल्य देताना दोन उभ्या रेघा वापराव्यात की दोन प्रश्नचिन्हे?

बहुतेक वेळा दोन प्रश्नचिन्हे. उभ्या रेघा शून्य, रिकामी स्ट्रिंग आणि असत्य या तिन्हींना ‘मूल्य नाही’ असे समजतात. म्हणजे वापरकर्त्याने आवाज शून्यावर ठेवला तरी तो मूळ पातळीवर परत जातो. दोन प्रश्नचिन्हे केवळ ‘नल’ आणि ‘अनडिफाइंड’ यांनाच रिकामे मानतात.

ऑब्जेक्टची पूर्ण प्रत काढण्याची सुरक्षित पद्धत कोणती?

ऑब्जेक्टचे जेसनमध्ये रूपांतर करून तो पुन्हा वाचण्याची जुनी युक्ती अजूनही अनेक कोडबेसमध्ये आढळते. तिच्यामुळे तारखांच्या स्ट्रिंग होतात, ‘अनडिफाइंड’ असलेल्या कळा गळतात, ‘मॅप’ आणि ‘सेट’ रिकामे ऑब्जेक्ट बनतात, आणि ऑब्जेक्ट स्वतःकडेच बोट दाखवत असेल तर थेट चूक येते. २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांमध्ये ‘स्ट्रक्चर्ड क्लोन’ हे अंगभूत फंक्शन उपलब्ध आहे आणि ते या सर्व बाबी योग्य रीतीने हाताळते. फंक्शन आणि डॉमचे (पानाच्या ब्राउझरमधील रचनेचे) घटक यांची प्रत ते काढू शकत नाही, आणि क्लासपासून बनवलेल्या ऑब्जेक्टच्या पद्धती प्रतीत येत नाहीत. तरीही प्रत काढण्याआधी पूर्ण प्रत खरोखर हवी आहे का, हे पाहावे. बहुतेक वेळा एका पातळीवरील स्प्रेड (तीन टिंबांनी काढलेली वरवरची प्रत) पुरतो.

संख्यांची क्रमवारी चुकीची का लागते?

जावास्क्रिप्टचा ‘सॉर्ट’ काही न सांगितल्यास सर्व मूल्यांना स्ट्रिंग समजतो, म्हणून १०, ९, १ यांची क्रमवारी १, १०, ९ अशी लागते. तुलना करणारे फंक्शन द्यावे, ज्यात पहिल्यातून दुसरी संख्या वजा केलेली असते. शिवाय ‘सॉर्ट’ मूळ ॲरेच बदलतो. तो जसाच्या तसा राहावा असे वाटत असेल तर ‘टू सॉर्टेड’ वापरावा.

मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार सीएसएस बदलणारी अट) न लिहिता कार्डांची मांडणी रुंदीनुसार आपोआप कशी बदलेल?

‘ग्रिड टेम्प्लेट कॉलम्स’ या गुणधर्मात ‘रिपीट’ लिहून त्यात प्रथम ‘ऑटो फिल’ आणि नंतर ‘मिनमॅक्स’ द्यावे. मिनमॅक्सची किमान बाजू १६ रेम (पानाच्या मूळ अक्षराच्या आकारावर आधारित एकक) आणि कमाल बाजू १ एफआर (उरलेल्या जागेचा एक वाटा) ठेवली, तर ब्राउझर स्वतःच मोजतो की १६ रेमचे किती स्तंभ मावतात आणि उरलेली जागा त्यांच्यात वाटून देतो. एवढ्यावर थांबल्यास १६ रेमपेक्षा अरुंद जागेत कार्ड बाहेर सांडते. म्हणून किमान बाजूस थेट १६ रेम न लिहिता ‘मिन’ फंक्शनमध्ये १०० टक्के आणि १६ रेम अशी दोन मूल्ये द्यावीत. जे लहान असेल ते लागू होते. ‘ऑटो फिल’ रिकाम्या स्तंभांची जागा राखून ठेवतो आणि ‘ऑटो फिट’ ती मिटवतो, त्यामुळे कार्डे मोजकीच असताना ती संपूर्ण रुंदी व्यापावीत असे वाटत असेल तर दुसरा निवडावा.

यानंतर एक तक्रार हमखास येते: स्तंभ ठरवून दिले आहेत, तरीही एखादी लांब लिंक किंवा कोडचा तुकडा आला की संपूर्ण पान आडवे सरकू लागते. याचे कारण असे की ग्रिड आणि फ्लेक्स या सीएसएसच्या मांडणीपद्धतींतील घटकांची किमान रुंदी मुळात शून्य नसून ‘ऑटो’ असते, म्हणजे आतील न तुटणाऱ्या मजकुराएवढी असते. १ एफआर म्हणजे ‘समान वाटा’ असा आपला समज असतो, पण त्याचा खरा अर्थ ‘किमान ऑटो, कमाल १ एफआर’ असा आहे. फ्लेक्सच्या घटकाला ‘मिन विड्थ’ शून्य द्यावी, ग्रिडमध्ये ‘मिनमॅक्स’ची किमान बाजू शून्य ठेवावी आणि लांब शब्दांसाठी ‘ओव्हरफ्लो रॅप’ला ‘एनीव्हेअर’ हे मूल्य द्यावे. हे एक तत्त्व समजले की मांडणीतील अनेक गूढ बिघाड एकाच वेळी उलगडतात. अशा ठिकाणी ‘ओव्हरफ्लो हिडन’ लावून बिघाड झाकू नये. त्याने मजकूर कापला जातो आणि पुढील प्रश्नातील अडचण ओढवते.

‘पोझिशन स्टिकी’ लावूनही शीर्षपट्टी का चिकटत नाही, आणि झेड इंडेक्स (घटकांचा पुढे-मागे क्रम) ९९९९ देऊनही मेनू मागेच का राहतो?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर घटकात नसून त्याच्या पूर्वजांत असते. स्टिकी घटक आपल्या सर्वांत जवळच्या स्क्रोल होणाऱ्या पूर्वजाशी बांधलेला असतो, आणि एखाद्या पूर्वजावर ‘ओव्हरफ्लो’चे ‘हिडन’ किंवा ‘ऑटो’ मूल्य असले की ब्राउझर त्यालाच तसा पूर्वज मानतो. तो प्रत्यक्षात सरकत नसल्याने चिकटण्याची वेळच येत नाही. आडवे सांडणे रोखण्यासाठीच तो गुणधर्म लावला असेल तर त्याऐवजी ‘ओव्हरफ्लो क्लिप’ वापरावे, कारण त्यामुळे स्क्रोलचा डबा तयार होत नाही. ‘टॉप’चे मूल्य द्यायला विसरणे हेही तितकेच नेहमीचे कारण आहे.

झेड इंडेक्सची तुलना फक्त एकाच स्टॅकिंग कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे थरांच्या एकाच गटात, होते. १ पेक्षा कमी ‘ओपॅसिटी’, ‘ट्रान्सफॉर्म’ किंवा ‘फिल्टर’ यांपैकी काहीही पूर्वजावर असेल तर नवा कॉन्टेक्स्ट तयार होतो आणि आतील ९९९९ हा आकडा बाहेर कोणी विचारात घेत नाही. आकडा वाढवत जाण्याऐवजी प्रत्येक स्वतंत्र घटकाच्या मुळावर ‘आयसोलेशन आयसोलेट’ लावावे आणि आत १, २ असे लहान आकडे वापरावेत. संवादचौकटीसाठी ‘डायलॉग’ हा घटक ‘शो मोडल’ने उघडला तर तो ब्राउझरच्या सर्वांत वरच्या थरात जातो आणि झेड इंडेक्सचा प्रश्नच उरत नाही, शिवाय एस्केप कळीने बंद होणे आणि मागील पान निष्क्रिय होणे या सोयी आपोआप मिळतात.

मोबाइलवर १०० व्हीएच, म्हणजे पडद्याएवढ्या, उंचीचा विभाग खाली कापला का जातो?

अनेक मोबाइल ब्राउझरांमध्ये व्हीएच हे एकक पत्त्याची पट्टी लपलेली आहे असे धरून मोजले जाते. डीव्हीएच हे एकक पट्टीनुसार बदलते, तर एसव्हीएच नेहमी पट्टी दिसत असतानाची लहान उंची देते. स्क्रोल करताना उंची बदलून मजकूर हलणे त्रासदायक असल्याने पहिल्या पडद्यासाठी मी एसव्हीएच सुचवीन.

पान लोड होताना मजकूर खाली उडी का मारतो?

बहुतेक वेळा चित्रांमुळे. ‘आयएमजी’ टॅगवर ‘विड्थ’ आणि ‘हाइट’ हे गुणधर्म लिहिले की ब्राउझर त्यांतून प्रमाण काढून चित्र येण्यापूर्वीच जागा राखतो. सीएसएसमध्ये कमाल रुंदी १०० टक्के आणि उंची ‘ऑटो’ ठेवल्यास चित्र लवचीकही राहते. ‘लोडिंग लेझी’ हा गुणधर्म पडद्याखालील चित्रांना जरूर लावावा, पण पानाच्या माथ्यावरील मुख्य चित्राला लावू नये, कारण त्यामुळे सर्वांत महत्त्वाची गोष्टच उशिरा येते.

गूगलच्या कोअर वेब व्हायटल्स या पानाचा अनुभव जोखणाऱ्या मापांमध्ये या उड्यांचे माप सीएलएस या नावाने घेतले जाते आणि ते ०.१ किंवा त्याहून कमी असणे चांगले मानतात. मुख्य मजकूर दिसण्यासाठीचे एलसीपी २.५ सेकंदांच्या आत आणि क्लिकला प्रतिसाद मोजणारे आयएनपी २०० मिलिसेकंदांच्या आत असावे. आयएनपी हे माप मार्च २०२४ मध्ये जुन्या एफआयडी (पहिल्या क्लिकचा विलंब) या मापाच्या जागी आले, त्यामुळे केवळ एफआयडीचा उल्लेख करणारे सल्ले जुने समजावेत.

देवनागरी मजकुराची लांबी, शोध आणि क्रमवारी चुकते. काय करावे?

हा विषय मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरने एकदा तरी बारकाईने समजून घ्यावा असा आहे. ‘नमस्ते’ या शब्दाची ‘लेंग्थ’ विचारली तर जावास्क्रिप्ट ६ सांगते, कारण न, म, स, हलन्त चिन्ह, त आणि मात्रा असे सहा स्वतंत्र कोड पॉइंट (युनिकोडने चिन्हांना दिलेले क्रमांक) त्यात आहेत. वाचणाऱ्याला मात्र न, म, स्ते अशी तीनच अक्षरे दिसतात, आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत यातील प्रत्येक कोड पॉइंटला ३ बाइट लागत असल्याने तोच शब्द १८ बाइट व्यापतो. त्यामुळे ‘स्लाइस’ने मजकूर कापताना मात्रा किंवा जोडाक्षर मध्येच तुटते. ‘इंटल सेगमेंटर’ला ‘ग्राफीम’ (वाचणाऱ्याला दिसणारे एक अक्षर) हा पर्याय देऊन मजकूर तुकड्यांत घ्यावा आणि ते तुकडे मोजावेत. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या इंजिनांत जोडाक्षराचे दोन तुकडे होऊ शकतात. नेमक्या संख्येवर एखादी मर्यादा बेतलेली असेल तर हे ध्यानात ठेवावे. सारांश दाखवण्यापुरते काम असेल तर शब्दाच्या सीमेवर कापणे किंवा सीएसएसच्या ‘लाइन क्लॅम्प’वर सोपवणे हेच अधिक निर्धोक आहे.

शोधाची अडचण आणखी सूक्ष्म आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र तीन प्रकारे साठवलेला सापडतो: ऱ या स्वतंत्र कोड पॉइंटला हलन्त लावून, साध्या र ला नुक्ता (खालचा बिंदू) आणि हलन्त लावून, किंवा साध्या र नंतर हलन्त व झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. तिन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण तुलनेत वेगळे ठरतात. मजकूर साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा ‘नॉर्मलाइझ’ने एनएफसी या प्रमाण रूपात आणला की पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा मात्र होत नाही. त्यासाठी ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे’ हा क्रम ‘ऱ, हलन्त’ने बदलणारी एक ओळ स्वतः लिहावी लागते. झेडडब्ल्यूजे सरसकट काढून टाकू नये, कारण तसे केल्यास ‘ऱ्या’चा ‘र्या’ होतो आणि शब्दच बदलतो.

क्रमवारीसाठी ‘इंटल कोलेटर’ला मराठीचा दोन अक्षरी भाषासंकेत द्यावा. नुसत्या कोड पॉइंटांच्या क्रमाने ळ हा ल नंतर लगेच येतो, तर आपल्या वर्णमालेत त्याची जागा ह नंतर आहे. ‘एचटीएमएल’ टॅगच्या ‘लँग’ गुणधर्मातही हाच संकेत लिहावा. त्यामुळे पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांना भाषा कळते आणि फाँटमध्ये सोय असल्यास ल व श यांची मराठी वळणे दिसतात. देवनागरीला ‘लेटर स्पेसिंग’ लावू नये, कारण शिरोरेषा तुटते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘यूटीएफ८’ या जुन्या नावाच्या प्रकारात अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात, म्हणून देवनागरी मावते पण इमोजी मावत नाहीत, ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावा.

काल चालणारी गोष्ट आज मोडली आहे. कोणत्या कमिटमुळे, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलामुळे, ते कसे शोधावे?

‘गिट बायसेक्ट’ने. प्रथम ‘स्टार्ट’, मग सध्याच्या कमिटसाठी ‘बॅड’ आणि जो नक्की चालत होता त्यासाठी ‘गुड’ असे सांगितले की गिट मधला कमिट उघडून देतो. आपण तपासून पुन्हा गुड किंवा बॅड सांगायचे. दर वेळी शोधाची व्याप्ती निम्मी होत असल्याने १००० कमिटांमधून दोषी कमिट सुमारे १० तपासण्यांत हाती लागतो. तपासणी स्क्रिप्टने करता येत असेल तर ‘बायसेक्ट रन’ हे सर्व आपोआप करते: स्क्रिप्टने ० परत दिला तर चांगला, १२५ दिला तर हा कमिट वगळा, आणि १ ते १२७ मधील इतर काहीही दिले तर वाईट असा अर्थ घेतला जातो. काम संपल्यावर ‘बायसेक्ट रीसेट’ करून मूळ ब्रँचवर (कामाच्या शाखेवर) परतावे.

मात्र सापडलेला कमिट ८०० ओळींचा असेल तर बायसेक्टचा लाभ तेथेच संपतो. म्हणूनच कमिट लहान आणि एका विषयाचे असावेत. ‘गिट ॲड’ला ‘पॅच’ पर्याय दिला की बदलांचा प्रत्येक तुकडा दाखवून तो घ्यायचा का हे विचारले जाते. त्यामुळे एकाच फाइलमधील दोन विषयांचे बदल दोन कमिटांत विभागता येतात, आणि विसरलेली कन्सोलची ओळही याच वेळी नजरेस पडते.

चुकीचा ‘रीसेट हार्ड’ (जुन्या कमिटवर सक्तीने परतण्याची आज्ञा) केला आणि कमिट गेले. ते परत मिळतात का?

कमिट केलेले काम बहुतेक वेळा परत मिळते. ‘गिट रीफ्लॉग’ ही आज्ञा आपल्या संगणकावर हेड (सध्याच्या कमिटचा दर्शक) कोठे कोठे होता याची यादी दाखवते. त्यातील रीसेटपूर्वीचा क्रमांक घेऊन त्यावर नवी ब्रँच काढावी. कोणत्याही ब्रँचपासून न पोहोचता येणाऱ्या नोंदी मूळ सेटिंगनुसार ३० दिवस ठेवल्या जातात, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही. जे बदल कमिटही केले नव्हते आणि ‘ॲड’ही केले नव्हते, ते मात्र गिटकडे नसतात, त्यांच्यासाठी एडिटरचा स्थानिक इतिहास पाहावा.

गुप्त ‘की’ (सेवेत प्रवेश देणारा संकेत) चुकून पुश झाली, म्हणजे सामायिक रिपॉझिटरीत गेली. फाइल हटवून पुन्हा कमिट केले तर पुरे होईल का?

नाही. ती इतिहासात तशीच राहते, आणि इतिहास पुसला तरी तोपर्यंत कोणी तिची प्रत घेतली असेल हे नाकारता येत नाही. सर्वप्रथम ती की सेवेच्या बाजूने रद्द करून नवी घ्यावी. इतिहासाची सफाई हे नंतरचे काम आहे. ‘गिटइग्नोर’मध्ये नाव टाकल्याने आधीच नोंदलेली फाइल वगळली जात नाही, तिला ‘गिट आरएम कॅश्ड’ने नोंदीतून काढावे लागते. ब्राउझरकडे जाणाऱ्या कोडमध्ये ठेवलेली कोणतीही की गुप्त नसते, मग ती बिल्डच्या वेळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आलेली का असेना.

‘माझ्या संगणकावर चालते’ ही स्थिती कशी टाळावी?

‘पॅकेज जेसन’ या लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीतील आवृत्तीपुढील कॅरेट चिन्ह नवीन किरकोळ आवृत्त्यांना वाट देते, त्यामुळे दोन दिवशी केलेल्या इन्स्टॉलमध्ये वेगवेगळी पॅकेजे येऊ शकतात. लॉक फाइल, म्हणजे प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइल, रिपॉझिटरीत ठेवावी आणि सर्व्हरवर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवावे. ही आज्ञा जुने ‘नोड मॉड्यूल्स’ काढून लॉक फाइलनुसारच पॅकेजे आणते आणि दोन्ही फाइलींत मेळ नसेल तर थांबते. नोडची आवृत्तीही प्रकल्पात लिहून ठेवावी.

कन्सोल लॉगखेरीज चुका शोधण्याच्या कोणत्या सोयी वापराव्यात?

ब्राउझरच्या साधनांत ओळीच्या क्रमांकावर उजवी क्लिक केल्यास लॉगपॉइंट टाकता येतो. तो कोडला हात न लावता मूल्य छापतो, त्यामुळे मागाहून काढण्याचे काम उरत नाही. त्याच ठिकाणी सशर्त ब्रेकपॉइंटही मिळतो, जो हजार फेऱ्यांच्या लूपमध्ये हव्या त्या फेरीवरच थांबवतो. एखादा क्लास कोण बदलत आहे हे कळत नसेल तर एलिमेंट्समध्ये त्या घटकावर ‘ब्रेक ऑन’मधून गुणधर्म बदलावर थांबण्याची सोय निवडावी, तासाभराचा शोध काही सेकंदांवर येतो. ऑब्जेक्टांची यादी पाहण्यासाठी ‘कन्सोल टेबल’ पुरेसा आहे. नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करून आपले पान आठवड्यातून एकदा तरी पाहावे.

इतरांचा कोड साठ्यात घेताना काय पाहावे?

परवाना आणि सुरक्षितता. स्टॅक ओव्हरफ्लोवरील उत्तरे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए परवान्याखाली असतात, म्हणून उत्तराचा दुवा टिप्पणीत ठेवणे केवळ सौजन्य नसून परवान्याची अट आहे. घेतलेल्या कोडमध्ये ‘इनर एचटीएमएल’ला वापरकर्त्याचा मजकूर दिला जात असेल तर तो भाग ‘टेक्स्ट कंटेंट’ने बदलूनच घ्यावा, अन्यथा एक्सएसएसला (परका कोड पानात घुसवण्याच्या हल्ल्याला) दार उघडे राहते.

साठ्यातील एखादा स्निपेट कधी काढून टाकावा?

ब्राउझर तेच काम स्वतः करू लागला की. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ११ चा आधार १५ जून २०२२ रोजी विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवर थांबवला, तेव्हा केवळ त्याच्यासाठी लिहिलेले तुकडे कालबाह्य झाले. फ्लेक्समधील ‘गॅप’ सफारीत १४.१ या आवृत्तीत, २०२१ मध्ये आला आणि ऋण मार्जिनची युक्ती अनावश्यक ठरली. फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये १२१ व्या आवृत्तीत ‘हॅज’ हा सिलेक्टर आणला, त्यामुळे आतील घटकाच्या स्थितीनुसार त्याच्या बाहेरील घटकाला क्लास लावणारा बराचसा जावास्क्रिप्ट कोड आता एका सीएसएस ओळीत मावतो. काढताना तो हटवून तसा कमिट करावा आणि संदेशात त्याची जागा कशाने घेतली हे लिहावे, म्हणजे जुन्या प्रकल्पात तो पुन्हा भेटला तर काय बदलायचे ते इतिहासातून सापडेल.